बत्तीसची फळी

मेणफळी तीन आकड्यांत मिळायची: बत्तीस, पस्तीस आणि अडतीस. माझ्या भावाच्या गॅरेजच्या छताला यातली कुठली लावायची हे ठरवायला आम्ही तिघं दीड तास बसलो होतो. तिघांत ज्या एकीला उत्तर ठाऊक होतं, ती एकदा बोलली आणि मग गप्प बसली. ती मी.

मी मोनाली निखाडे. चंद्रपुरात घरोघरी मेणफळ्या बसवायची योजना आली, तेव्हा तिच्या कार्यालयात सल्लागार म्हणून लागले. घरी जायचं, छत बघायचं, भिंती कुठल्या दिशेला आहेत ते बघायचं आणि कुठला आकडा घ्या ते सांगायचं. दिवसाला सहा घरं. बाहेरच्या लोकांना मी खडसावून सांगत असे. माहेरी गेलं की माझा आवाज निम्मा व्हायचा.

प्रफुल माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. तुकूमच्या रस्त्यावर त्याचं ई-रिक्षाचं गॅरेज आहे. होतं, असं म्हणायला हवं. खाली गॅरेज, वर एक खोली आणि त्या खोलीत आमची आई. समोर पत्र्याचं शटर, आत रॅकवर चार्जिंगला लावलेले बॅटरीचे पॅक. उन्हाळ्यात गॅरेजमधली सगळी धग छताला जाऊन चिकटायची आणि वर आईच्या पायाखालची फरशी तव्यासारखी तापायची. घरात चपला घालणं आईला जन्मात पटलं नव्हतं, पण एप्रिल-मे ती चपला घालून खोलीत वावरायची आणि दिवसभर त्याबद्दल कुरकुरायची.

मेणफळीमागचं विज्ञान अगदी सोपं आहे. बर्फाची लादी उन्हात ठेवली की ती उष्णता पीत राहते, पण शेवटचा खडा वितळेपर्यंत तिचं तापमान शून्यावरून हलत नाही. सगळा बर्फ संपला की मगच पाणी तापायला लागतं. फळीतलं मेण हेच करतं. फक्त ते शून्याऐवजी बत्तीस, पस्तीस किंवा अडतीस अंशांना वितळतं. अशी मेणं पूर्वीही होती, पण ती फार थोडी उष्णता प्यायची, त्यामुळे छताला वीतभर जाडीचा थर द्यावा लागे. नव्या मेणात क्षारांचे स्फटिक कर्बाच्या बारीक जाळीत अडकवलेले होते आणि बोटभर जाडीची फळी तीन-चार दिवसांची उष्णता पोटात घेऊ शकत होती. रात्री हवा गार झाली की मेण पुन्हा गोठायचं, प्यालेली उष्णता बाहेर टाकायचं आणि सकाळी फळी नव्या दिवसाला तयार. वीज नको, पाणी नको, आवाज नाही.

अट एकच होती. रात्र फळीच्या आकड्यापेक्षा बऱ्यापैकी गार हवी. नाहीतर मेण गोठणार कसं?

त्या दिवशी मी तिन्ही फळ्यांचे हातभर तुकडे घेऊन गॅरेजमध्ये गेले होते. दुपारची वेळ. सायकलच्या कॅरियरवर तापून तिन्ही तुकडे आपापल्या आकड्यावर येऊन थांबले होते.

"तू सांग न ताई, तुझंच तं काम आहे हे," प्रफुल म्हणाला.

"अडतीस घे."

"अडतीस? म्हणजे गॅरेज अडतीसवर राहीन?"

"बाहेर अठ्ठेचाळीस असलं तरी अडतीसच."

"अन् बत्तीसची लावली तं बत्तीसवर राहीन. मंग अडतीसची कायले लावाची?"

मी रात्रींबद्दल सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात तो तुकडे घेऊन वर आईकडे गेला. मीही मागून गेले. आईनं एकेका तुकड्यावर तळहात टेकवला. बाजारात कलिंगड घेतानाही ती असंच करायची, दुकानदार काय सांगतो त्याकडे तिचं लक्ष नसायचं. आपल्या कातडीचं तापमान असतं चौतीसच्या आसपास. बत्तीसचा तुकडा तिला गार लागला आणि अडतीसचा कोमट.

"हे थंड आहे, पोरा. हे तं तापेल आहे," ती म्हणाली. "तापेल वस्तू छताले कोन लावते?"

"आई, तसं नसतं. रात्री जर—"

"ताई," प्रफुल मध्येच म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तू महिन्यातून एकदा येते, दोन घंटे बसते. आईचे पाय भाजते ते मी रोज पाहातो. तुले काय वाटते, मी तिच्यासाठी वाईट निवडून राहिलो?"

यात खोटं काहीच नव्हतं. माझं घर तिथून वीस मिनिटांवर आणि मी महिन्यातून एकदाच जायचे. आईची अंघोळ, गोळ्या, रात्रीचं उठणं, सगळं प्रफुलच्या अंगावर. माहेरच्या घरात लेकीनं चहा प्यावा, मत देऊ नये, असं आमच्यात कोणी तोंडानं म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. मी अर्जावर बत्तीसचा आकडा लिहिला आणि चहा प्यायले.

त्यानंतरचे दोन उन्हाळे त्या घरानं सुखात काढले. आईनं चपला कोपऱ्यात टाकल्या. ती पुन्हा फरशीवर चटई टाकून झोपायला लागली. कूलर प्रफुलनं कोणाला तरी देऊन टाकला. गॅरेजची मागची खिडकी त्यानं विटांनी बुजवली, कारण तिथं आणखी एक रॅक बसत होतं. खोली कायम बत्तीसवर असते म्हटल्यावर चार्जरचा वेगही वाढवला. पूर्वी दुपारपर्यंत आठ पॅक भरायचे, आता बावीस भरायला लागले. रिक्षावाले त्याच्याकडे रांग लावायचे आणि तो मला फोन करून सांगायचा, "ताई, तुझी फळी एक नंबर." प्रत्येक वेळी मी "हो का, छान" म्हणायचे.

शहरात साडेअकरा हजार घरांनी बत्तीसच निवडली होती. सगळ्यांनी आईसारखाच हात लावून पाहिला होता.

२०४४च्या मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसवर गेला. चंद्रपूरकरांना त्याचं काही वाटत नाही, उलट थोडा अभिमानच असतो. घाबरायचं होतं ते रात्रीला. सलग चार रात्री पारा तेहतीसच्या खाली आला नाही. पाचव्या रात्री तो पस्तीसवर थांबला. म्हणजे साडेअकरा हजार घरांतलं मेण चार दिवस फक्त पीत होतं. गोठलं एकदाही नव्हतं.

प्रत्येक फळीच्या कडेला एक पट्टी असते. किती मेण वितळलं ते ती कळवत राहते आणि आमच्या कार्यालयातल्या पडद्यावर ते दिसतं. तिसऱ्या दिवशीच मला ते दिसत होतं. पण आज रात्री वारा सुटेल, असा अंदाज रोज येत होता आणि मी त्या अंदाजावर दोन दिवस थांबले. अहवालात मी हेच कारण लिहिलं आहे. खरं कारण वेगळं होतं. प्रफुलला धोका सांगायचा, तर तो मला दोन वर्षांपूर्वीही ठाऊक होता हेही सांगावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता शहरातल्या बहुतेक फळ्या ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. प्रफुलच्या गॅरेजची फळी चौऱ्याण्णव टक्के भरली होती. बावीस चार्जरांची धग त्या छतानं इतरांपेक्षा जास्त प्यायली होती.

मी साहेबांची वाट न बघता सगळ्या घरांना संदेश पाठवला: बत्तीसची फळी आज दुपारी काम थांबवेल, म्हाताऱ्या माणसांना आत्ताच दुसरीकडे हलवा. दहा मिनिटांत उत्तरं यायला लागली. लोकांनी आपापल्या भिंतीवरच्या तापमापकाचे फोटो पाठवले होते. प्रत्येक फोटोत बत्तीस होतं. एकानं खाली लिहिलं होतं, मॅडम, तुमच्या ऑफिसात ऊन लागलं का?

प्रफुलला फोन केला.

"बत्तीस दाखवून राहिला, ताई. आईची झोप लागली आहे मस्त."

"ते बत्तीसच दाखवणार. शेवटच्या मिनिटापर्यंत बत्तीसच दाखवणार. चार्जर बंद कर."

"दोन वाजता लोकं येते पॅक घ्याले. बंद कसा करू?"

मी ओढणी भिजवून डोक्याला गुंडाळली आणि स्कूटर काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोळे उघडे ठेवायचे तर बुबुळं कोरडी पडत होती. गॅरेजशी पोचेपर्यंत ओढणी वाळून कडक झाली होती.

शटर अर्ध्यावर होतं. वाकून आत गेले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. अंधारी, गार, शांत खोली. छताला पांढऱ्या फळ्या एका रेषेत. रॅकवर बावीस हिरवे दिवे. जीव शांत झाला माझा, आणि क्षणभर वाटलं की पट्टीतच बिघाड असेल. हेच तर त्या फळीचं वाईट होतं.

भिंतीवर ३२.१. फळीच्या कडेला ९९.

"प्रफुल, आईला खाली आण."

"कुठं नेऊ तिले? बाहेर पाहून आली न तू? या उन्हात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईले बाहेर काढू?" तो हातातला मल्टीमीटर ठेवून माझ्याकडे वळला. "इथं बत्तीस आहे अन् बाहेर अठ्ठेचाळीस. तू इंजिनिअर आहे, तूच सांग."

"दहा मिनिटं थांब. तो आकडा बघ फक्त."

आम्ही दोघं तापमापकासमोर उभे राहिलो. ३२.१. पाच मिनिटं झाली. प्रफुलनं स्टुलावर बसून पाणी प्यायलं, मलाही दिलं. आठ मिनिटं झाली. ३२.१. त्याच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. लहानपणी मी काही चुकले की यायचं तसंच.

"बस न ताई. आलीच आहे तं जेवून—"

३२.४.

तो बोलायचा थांबला. ३२.९. त्यानं तापमापकावर टिचकी मारली, जणू आत काही अडकलं होतं. ३३.८. मग आकडे आम्ही वाचायच्या आत बदलायला लागले.

"बंद कर," मी ओरडले. त्यानं मेन स्विच खाली ओढला. बावीस दिवे विझले. आकडा थांबला नाही. विजेविनाही पॅक आतून तापलेलेच होते, पत्र्याचं शटर तापलेलं होतं आणि इतके दिवस जी धग छत गिळत होतं, ती आता खोलीत कोंडली. पस्तीस. अडतीस. प्रफुलनं शटर पूर्ण वर ढकललं आणि बाहेरचा झळांचा वारा भस्सकन आत आला. मागची खिडकी बुजवलेली, म्हणजे आत आलेली हवा जाणार कुठे? त्यानं त्या विटांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एकेचाळीस.

खालच्या रॅकमधून बारीक सुं असा आवाज यायला लागला. पाठोपाठ गोडसर वास, नेलपॉलिशच्या बाटलीचा असतो तसा. बॅटरीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला तो वास ओळखता येतो आणि त्यानंतर किती वेळ असतो हेही ठाऊक असतं.

प्रफुल रॅककडे धावला. फुगलेला पॅक त्यानं दोन्ही हातांनी धरला, ओढला. तो अडकला होता. बाजूचा पॅकही फुगायला लागला होता. ते बावीस पॅक त्याचे नव्हते, बावीस रिक्षावाल्यांचे होते. ते बाहेर काढल्याशिवाय तो हलणार नाही, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं.

"प्रफुल, आई वर आहे!"

त्यानं पॅक सोडला. तेवढ्यात त्याचे तळहात सोलून निघाले होते.

वर जायचा जिना बाहेरून, लोखंडी, आणि पूर्ण उन्हात. कठडा धरता येईना. प्रफुलनं पाण्याच्या टाकीत बुडवलेलं गोणपाट कठड्यावर टाकलं आणि आम्ही वर गेलो. आई चटईवर कुशीवर झोपली होती. एक हात फरशीवर पसरलेला.

"काय झालं रे? इतकी चांगली झोप लागली होती," ती म्हणाली.

"माय, खाली जाऊ चल."

"उन्हात? येडा झाला का तू? मी नाई येत."

तो वाद घालत बसला नाही. ओली चादर तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला पाठुंगळी घेतलं. मी मागून तिची कंबर धरली. तिचे गुडघे वाकत नव्हते, प्रत्येक पायरीला ती कण्हत होती आणि प्रफुलला शिव्या देत होती. आम्ही अर्ध्या जिन्यावर असताना खाली पहिला पॅक फुटला. पांढरा धूर शटरमधून लोटासारखा बाहेर आला. मग दुसरा. जिना हादरला. प्रफुल थांबला नाही, फक्त त्याचा श्वास मला मोठ्यानं ऐकू येत होता.

बाहेर एक रिक्षा दुरुस्तीला उभी होती. आईला तिच्यात घातलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. शेजारचे लोक वाळूची घमेली घेऊन धावत येत होते. कोणीतरी प्रफुलला नावानं हाका मारत होतं. त्यानं मागे वळून पाहिलं. आतून नारिंगी उजेड दिसत होता. मग त्यानं सोललेल्या हातांनी हॅंडल धरलं आणि रिक्षा चालू केली.

"दवाखान्यात," मी म्हटलं.

वाटेत शहर बदलताना दिसत होतं. एकेक करून घरांच्या दारांतून माणसं बाहेर येत होती, उन्हात येऊन गोंधळून उभी राहत होती, पुन्हा आत जात होती. साडेअकरा हजार घरं, सगळ्यांचं मेण एकाच दुपारी संपलं. ज्यांच्याकडे एसी होते त्यांनी ते एकदम लावले आणि दीडच्या सुमाराला अख्ख्या शहराची वीज गेली. त्या दिवशी किती माणसं गेली तो आकडा पुढे जाहीर झाला. मला तो पाठ आहे. इथे लिहिणार नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक नर्स घामानं निथळत दारातच उभी होती. "आत बेचाळीस आहे हो, बर्फ संपला," ती म्हणाली. "तुमच्याजवळ अजून गार जागा कुठं असेल तर तिकडंच न्या. ओल्या कपड्यात गुंडाळा, थोडं थोडं पाणी द्या. इथं थांबवू नका."

चादर वाळली होती. आईची कातडी कोरडी, तापलेली, घामाचा थेंब नाही. ती मला 'शांता' म्हणाली. शांता तिची बहीण, जाऊन वीस वर्षं झाली.

"कुठं नेऊ?" प्रफुलनं विचारलं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत मुद्दाम टाळली. प्रफुलच्या गॅरेजला फळ्या लागल्या, त्याच महिन्यात माझ्या घरालाही लागल्या होत्या. मी एकटी राहते, मला कोणाला विचारायचं नव्हतं. माझ्या टेबलावर रात्रींचा तक्ता होता आणि दर दशकाला त्या किती तापत चालल्या आहेत हे त्यात स्पष्ट दिसत होतं. मी अडतीसच्या फळ्या लावून घेतल्या. पस्तीसच्या रात्रीही त्या गोठत होत्या. या घडीला माझं घर सदतीस-अडतीसवर असणार होतं. शहरात आईला वाचवू शकेल अशी मला ठाऊक असलेली तीच एक जागा होती.

आणि तिथे नेलं की प्रफुलला कळणार होतं.

"ताई, कुठं नेऊ?"

"सरळ चल," मी म्हटलं. जटपुरा गेट आलं. गेलं. मी आईच्या ओठांवर पाणी लावत होते आणि दुसरी एखादी जागा आठवते का ते बघत होते. मंदिराचा गाभारा, बँकेचं तळघर, काहीही. चार मिनिटं. चार मिनिटं माझी आई माझ्या मांडीवर तापत होती आणि मी स्वतःची अब्रू वाचवत होते. आई काहीतरी पुटपुटली आणि तिचे डोळे वर फिरले.

"माझ्या घरी," मी म्हटलं. "वळव. माझ्या घरी."

"तुझ्या घरी काय येगळं आहे? तिथंही बत्तीसच असन."

"अडतीस आहे."

तो वळून बघेल असं मला वाटलं होतं. त्यानं बघितलं नाही. रिक्षा वळवली आणि वेग वाढवला. आरशात फक्त त्याचं कपाळ दिसत होतं.

माझं घर तळमजल्यावर. आईला पलंगावर ठेवलं, कपडे सैल केले, घरातली प्रत्येक चादर नळाखाली धरून तिच्यावर टाकली. पंखा बंद. मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घालायला लागले. चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी. भिंतीवर ३७.६. एरवी हा आकडा पाहून माणूस हैराण होईल. त्या दिवशी मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते, हलत नाही ना म्हणून.

प्रफुल आत आला नव्हता. आईला ठेवून तो बाहेर गेला आणि दाराबाहेरच्या पायरीवर, वीतभर सावलीत बसला. अर्ध्या तासानं आईच्या मानेवर घामाचा पहिला थेंब दिसला. मी तो त्याला सांगायला दारात गेले.

"घाम आला."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "तुले तवाच माहीत होतं."

"हो."

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगायला लागले होते. तू म्हणालास, आईचे पाय रोज मी बघतो आणि—"

"म्हटलंच असतं मी." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. फोड आलेले तळहात त्यानं मांडीवर उलटे धरले होते. "मी म्हटलं असतं, तू भांडली असती. मी शिव्या दिल्या असत्या. आई रडली असती. दोन महिने बोललो नसतो आपण. अन् अडतीसची लागली असती."

"मला वाटलं, त्या घरात भांडायचा माझा हक्क नाही."

"हक्क नोता तं आज कायले आली?"

मी हाताला लावायला मलम आणलं, ते त्यानं घेतलं नाही. आत ये म्हटलं, तो आला नाही. बाहेर सत्तेचाळीस होतं. तो बसून राहिला.

आणखी तासाभरानं आईनं डोळे उघडले. या वेळी तिनं मला ओळखलं. खोलीभर नजर फिरवली. कपाट, खिडकी, छताच्या पांढऱ्या फळ्या. अंगावरची ओली चादर तिनं त्रासानं बाजूला सारायचा प्रयत्न केला.

"मोने, हे तुझं घर व्हय?"

"हो आई."

"काय उकडते बाई तुझ्याकडं." ती थांबून थांबून बोलत होती, पण आवाज तिचाच होता, कुरकुरणारा. "तू येवढी शिकली, लोकाईच्या घरी जाऊन सांगते, अन् सोताचं घर हे असं? प्रफुलकडं पाय कसे थंडगार राहाते. त्यानं किती पाहून लावलं माह्यासाठी. मले तिकडंच नेऊन सोडा."

तिला जळलेल्या गॅरेजचं काही ठाऊक नव्हतं. दाराबाहेर प्रफुल हे ऐकत होता. तो उठून उभा राहिल्याचं मला दिसलं.

बत्तीस आणि अडतीसमधला फरक समजावून सांगणं हे माझं काम आहे. हजारो घरांत मी तो समजावला आहे. आईलाही पाच मिनिटांत समजावता आला असता. आणि तो समजावला असता, तर या सगळ्यात शहाणी कोण ठरली असती, तेही मला ठाऊक होतं.

"हो आई," मी म्हटलं. "प्रफुलकडंच थंड आहे."

प्रफुलनं चपला दाराबाहेर काढल्या. आत येऊन तो आईच्या उशाशी जमिनीवर बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. फक्त माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि सोललेल्या हातानं आईला वारा घालायला लागला.